ओसीडीवरील उपचार, अनिश्चितता आणि स्वतःला माफ करणे : सीमाभागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खानापूर तालुक्यात राहून मी अकरा वर्षे ओसीडी (ऑब्सेसिव्ह कंपल्सिव्ह डिसऑर्डर) हा मनाचा आजार अंगावर काढला आणि त्यानंतर दोन वर्षे नीट उपचार घेतले. मी डॉक्टर नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हल्याळ या बाजूची मराठी माणसे मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे लिहिली आहेत. उपचार करणाऱ्यांकडून जे शिकलो आणि स्वतःवर जे पडताळून पाहिले, तेवढेच यात आहे. निदान आणि औषध मनोविकारतज्ज्ञांनीच ठरवायचे असते.

आपल्याकडे ज्याला मंत्रचळ म्हणतात, तोच ओसीडी का?

बऱ्याच अंशी होय. दिवसातून वीस वेळा हात धुणाऱ्या किंवा सोवळ्याचा अतिरेक करणाऱ्या माणसाला ‘मंत्रचळ लागला आहे’ असे म्हणून लोक सोडून देत, आणि तो त्याचा स्वभाव समजला जाई. हा स्वभाव नव्हे, आजार आहे. त्याचे दोन भाग असतात. पहिला भाग म्हणजे नको असताना मनात घुसणारा विचार, जो भीती, किळस किंवा अपराधीपणा घेऊन येतो. दुसरा भाग म्हणजे ती भावना शमवण्यासाठी केलेली सक्तीची कृती : धुणे, तपासणे, मोजणे, पुन्हा पुन्हा विचारणे, मनातल्या मनात उजळणी करणे. कृती केल्यावर क्षणभर हायसे वाटते, आणि नेमक्या त्या हायसे वाटण्यामुळेच मन शिकते की ‘कृती केली म्हणून वाचलो’, त्यामुळे पुढच्या वेळी तोच विचार अधिक जोराने येतो. हे चक्र दिवसातला तासाभराहून अधिक वेळ खात असेल, किंवा त्यामुळे नोकरी, शाळा, संसार यांत अडथळा येत असेल, तर तज्ज्ञांकडे जावे. जगभरात साधारणपणे शंभरातल्या दोन ते तीन माणसांना आयुष्यात कधी ना कधी हा आजार होतो.

मी हात धूत नाही, कुलूप तपासत नाही. फक्त घाणेरडे, भयंकर विचार येतात. तरी हा ओसीडी असू शकतो का?

असू शकतो, आणि हा प्रश्न विचारणारे लोक सर्वांत जास्त एकटे पडलेले असतात, असा माझा अनुभव आहे. तान्ह्या बाळाला आपल्या हातून इजा होईल, देवाच्या मूर्तीसमोर उभे असताना मनात शिवी येईल, नात्यातल्या माणसाविषयी नको तो विचार येईल, अशा भीतीने माणसे आतल्या आत झुरतात आणि कोणाला सांगत नाहीत, कारण ‘असा विचार आला म्हणजे मी तसाच असणार’ अशी त्यांची खात्री झालेली असते.

१९७८ साली रॅकमन आणि डी सिल्वा या संशोधकांनी दाखवून दिले की असे विचार आजार नसलेल्या माणसांनाही येतात. पुढे २०१४ साली १३ देशांतील विद्यार्थ्यांच्या अभ्यासात ९४ टक्के जणांनी मागच्या तीन महिन्यांत किमान एक असा अनाहूत विचार आल्याचे सांगितले. फरक विचार येण्यात नसतो, त्या विचाराला दिलेल्या अर्थात असतो. ज्याला विचाराची काडीचीही पर्वा नसते, त्याच्या मनातून तो वाऱ्यासारखा निघून जातो. ज्याला आपल्या माणसांची जिवापाड काळजी असते, त्याच्या मनात तो रुतून बसतो.

मात्र जगणे नकोसे झाले असेल आणि स्वतःला संपवण्याची खरोखर इच्छा होत असेल, तर ‘हाही ओसीडीच असेल’ असे ठरवत बसू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा.

समुपदेशनाला अनेकदा गेलो, बोलून बरे वाटले, पण घरी आल्यावर पुन्हा तेच. कोणती थेरपी निवडावी?

ओसीडीसाठी सर्वांत भक्कम आधार असलेली थेरपी म्हणजे एक्सपोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन, थोडक्यात ईआरपी. मराठीत सांगायचे तर, ज्याची भीती वाटते त्याला ठरवून सामोरे जायचे आणि त्यानंतर येणारी सक्तीची कृती करायची नाही. १९६६ साली लंडनमध्ये व्हिक्टर मेयर यांनी अनेक वर्षे आजारी असलेल्या दोन रुग्णांना परिचारिकांच्या सोबतीने त्यांचे विधी करू न देता भीतीच्या गोष्टींना सामोरे नेले, तेथून या पद्धतीची सुरुवात झाली. तोपर्यंत हा आजार जवळजवळ असाध्य मानला जात होता.

प्रत्यक्षात हे एकदम विहिरीत ढकलून दिल्यासारखे नसते. आधी आठवडा-दोन आठवडे वहीत नोंद होते : कोणता विचार, किती वाजता, त्यानंतर कोणती कृती, किती वेळ. मग भीतीची शिडी तयार होते. शंभरपैकी वीस गुणांची भीती खालच्या पायरीवर आणि नव्वदची वरच्या. खालून सुरुवात करून एकेक पायरी चढायची. अस्वस्थता वाढते, काही वेळ टिकते आणि कृती न करताही ती सोसता येते, हे शरीराला स्वतः कळेपर्यंत तेथे थांबायचे. सहसा बारा ते वीस सत्रांत चांगला फरक दिसतो, पण सत्रांपेक्षा घरी रोज केलेला सराव महत्त्वाचा असतो.

ज्यांना विचारांशी झुंजण्याचीच सवय जडली आहे, त्यांना अॅक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी, म्हणजे एसीटी, उपयोगी पडते. तीत विचार खरा की खोटा याचा खटला चालवण्याऐवजी, तो मनात असतानाच आपल्याला महत्त्वाच्या वाटणाऱ्या कामाकडे वळायला शिकवतात. अनेक थेरपिस्ट दोन्ही पद्धती एकत्र वापरतात, आणि मला स्वतःला तसेच लाभले.

नुसते बोलून धीर देणारे समुपदेशन ओसीडीत पुरे पडत नाही, उलट कधी कधी अपाय करते, हे मी फार उशिरा शिकलो. माझे पहिले समुपदेशक मनाने अतिशय चांगले होते. गाडी चालवताना आपण कोणाला धडक दिली असेल, ही माझी भीती होती, आणि प्रत्येक भेटीत ते मला पटवून देत की मी कोणालाही धडक दिलेली नाही. मी हलक्या मनाने बाहेर पडे आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच ऐकायला जाई. त्यांच्याकडून खात्री करून घेणे हीच माझी नवी सक्तीची कृती झाली होती. मनगटाला रबर लावून विचार आला की ओढणे, विचार दाबून टाकणे, केवळ दीर्घ श्वसन करणे, हे सल्लेही अनेकांना मिळतात. दीर्घ श्वसनाने झोप कदाचित सुधारेल, पण ओसीडीचा तो उपचार नव्हे.

थेरपिस्टना पहिल्या भेटीत काय विचारावे?

‘तुम्ही ओसीडीसाठी ईआरपी करता का, आणि सत्रात प्रत्यक्ष सराव घेता का?’ एवढे एक वाक्य न संकोचता विचारावे. चांगला थेरपिस्ट या प्रश्नाने दुखावला जात नाही. वाय-बॉक्स नावाची, १९८९ सालापासून वापरात असलेली, ओसीडीच्या तीव्रतेची शून्य ते चाळीस गुणांची मोजणी करतात का, हेही विचारता येते, कारण त्यामुळे तीन महिन्यांनी खरोखर फरक पडला की नुसते तसे वाटते, हे कळते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी. ‘चार दिवसांत मुळासकट काढतो’ असे कोणी म्हणाले, तर नमस्कार करून परत यावे.

औषधे घ्यावी लागतील का? त्यांची सवय लागते का?

मध्यम आणि तीव्र आजारात औषध आणि थेरपी दोन्हींचा उपयोग होतो. सर्ट्रालीन, फ्लुओक्सेटीन, फ्लुवोक्सामीन या गटातील औषधे प्रथम दिली जातात. क्लोमिप्रामीन हे जुने औषधही परिणामकारक आहे. नैराश्यात लागते त्यापेक्षा मात्रा बहुधा जास्त लागते आणि परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे जातात. अनेक जण तिसऱ्या आठवड्यातच ‘गुण येत नाही’ म्हणून सोडून देतात, याचे मला फार वाईट वाटते. या औषधांचे व्यसन लागत नाही, पण ती एकाएकी बंद केल्यास त्रास होतो; म्हणून थांबवायची तीही डॉक्टरांना विचारून, हळूहळू.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून कोठे जावे? कन्नड नीट येत नसेल तर?

बेळगावात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या जिल्हा रुग्णालयात आणि खासगी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत. बेळगावहून सुमारे ७५ किलोमीटरवर धारवाडची डिमहान्स ही मानसिक आजारांवरील उपचारांची सरकारी संस्था आहे. लहानपणी आमच्या गल्लीत ‘याला धारवाडला न्या’ ही शिवी होती, आणि केवळ त्या शिवीच्या आठवणीमुळे मी तेथे जाणे अनेक वर्षे टाळले. आज मी सांगतो की त्या फाटकातून आत जाताना मान खाली घालण्याचे काहीही कारण नाही. आजार जुनाट असेल आणि नेहमीच्या उपचारांनी हटत नसेल, तर बंगळूरच्या निमहान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत ओसीडीसाठी खास विभाग आहे. निपाणी-चिकोडीकडच्या लोकांना कोल्हापूर किंवा मिरज जवळ पडते. आठवड्याला जाणे-येणे जमत नसेल, तर पहिल्या एक-दोन भेटी समोरासमोर आणि पुढची सत्रे व्हिडिओवर, असे करता येते. तपासण्याचा ओसीडी असेल तर ते उलट सोयीचे, कारण सराव घरातल्या शेगडीसमोर आणि घरातल्याच कुलपासमोर होतो.

भाषेचा मुद्दा मी जाणीवपूर्वक मांडतो. आपण बँकेत कन्नड, मोबाइलवर हिंदी आणि घरात मराठी बोलतो, पण अपराधीपणा मात्र मायबोलीत येतो. ‘विटाळ’, ‘शिवाशिव’, ‘तळतळाट’ या शब्दांत जी धग आहे ती भाषांतरात उरत नाही, आणि ईआरपीमध्ये तर भीतीचे नेमके वाक्यच तोंडाने म्हणायचे असते. त्यामुळे मराठी जाणणारा थेरपिस्ट मिळत असेल तर तो निवडावा. न मिळाल्यास कन्नड किंवा हिंदी बोलणाऱ्या थेरपिस्टना सांगून सरावाची वाक्ये मराठीत लिहावीत; माझ्या कन्नडभाषक थेरपिस्ट बाईंनी ती माझ्याकडून मराठीतच म्हणवून घेतली. टेलिमानसवर मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत बोलता येते, आणि त्याला पैसे पडत नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार तुमच्या आजाराची माहिती गुप्त राखणे हे उपचार करणाऱ्यांवर बंधनकारक आहे.

‘खात्री नसली तरी चालेल’ असे म्हणणे हा बेजबाबदारपणा नाही का?

हा प्रश्न मी स्वतः तीन महिने भांडून विचारत होतो, म्हणून येथे सविस्तर लिहितो.

माझा त्रास रस्त्याचा होता. पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी बेळगावहून खानापूरला येताना, पिरनवाडी मागे टाकून मच्छेच्या पुढे आलो असताना स्कूटरचे चाक खड्ड्यात आदळले. खड्डाच होता, हे मला माहीत होते. तरीही दहा सेकंदांनी विचार आला : माणूस असेल तर? मी मागे वळलो. रस्त्याकडेला सिमेंटचे रिकामे पोते पाण्यात भिजून पडले होते. उतरून ते पायाने उलटे केले. पुढे निघालो, आणि आता वाटले की कोणी गटारीत फेकले गेले असेल. पुन्हा वळलो. त्या संध्याकाळी चार फेऱ्या झाल्या, पाचव्या वेळी पत्नीचा फोन आला, ‘अहो, कुणी नाही पडलेलं तिथं, चला की घरी.’ घरी पोहोचायला साडेनऊ वाजले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर्तमानपत्रातल्या अपघाताच्या बातम्या बोट ठेवून वाचत होतो.

शेवटच्या फेरीनंतर माझी खात्री पहिल्या फेरीपेक्षा कमी होती, यात माझा काही विशेष दोष नव्हता. २००३ साली व्हॅन डेन हाउट आणि किंड्ट या नेदरलँड्समधील संशोधकांनी निरोगी माणसांना संगणकाच्या पडद्यावरची गॅसची शेगडी वीस वेळा बंद करून तपासायला लावली. शेवटी त्यांना काय केले ते बरोबर आठवत होते, पण त्या आठवणीवरचा त्यांचा विश्वास मात्र ढासळला होता आणि आठवण पुसट झाली होती. म्हणजे तपासल्याने खात्री वाढत नाही, कमी होते. रेग्युलेटर एकदा बंद करणे ही जबाबदारी आहे; विसाव्यांदा हात लावणे हे त्याच जबाबदारीचे सोंग घेतलेली भीती असते.

अनिश्चितता स्वीकारणे म्हणजे ‘काही झाले नसणार’ अशी मनाची समजूत घालणे नव्हे, कारण ती समजूत हीदेखील खात्रीचीच मागणी असते. मला दिलेले वाक्य असे होते : ‘कदाचित धडक बसली असेल, कदाचित नसेल, मला ते कधीच कळणार नाही, आणि मी घरी जाणार आहे.’ पहिल्या दिवशी हे म्हणताना हँडलवरचे हात थरथरत होते. मी वळलो नाही. रात्री जेवण गेले नाही. तिसऱ्या आठवड्यात त्याच खड्ड्यावरून गेल्यावर मी भाजी काय घ्यायची याचा विचार करत होतो, आणि हे लक्षात आल्यावर रस्त्याच्या कडेला थांबून रडलो.

सीमाभागातल्या माणसाला एक गोष्ट मी नेहमी सांगतो. आपला भाग महाराष्ट्राचा की कर्नाटकाचा, हा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात प्रलंबित आहे, आणि मूळ प्रश्न तर १९५६ पासूनचा आहे. कोणाची बाजू काय, हा येथे विषय नाही. पण निकाल लागला नाही म्हणून कोणी लग्न थांबवले नाही, घराचा पाया खणायचे सोडले नाही, काजूची झाडे लावायची राहिली नाहीत. एवढा मोठा प्रश्न अनिर्णित ठेवून नांदण्याची रीत आपल्या आजी-आजोबांना साधली. तीच रीत मनातल्या छोट्या खटल्यांना लावायची आहे.

सोवळे, पूजा, देवाचा कोप यांबाबत काय करावे? थेरपी श्रद्धा सोडायला लावते का?

नाही. ज्या घरात वारी आहे, सौंदत्तीच्या यल्लम्माला जाणे आहे, त्या घराची श्रद्धा थेरपीला नको असते असे नाही. पारख सोपी आहे : गावातल्या, तुमच्याच रीतीच्या चार श्रद्धाळू माणसांना जेवढे पुरते, तेवढे तुम्हाला पुरते का? त्यांची आरती दहा मिनिटांत होते आणि तुमची एक शब्द चुकला म्हणून पहिल्यापासून सुरू होत दोन तास चालते, तर ते दोन तास देवाचे नाहीत, आजाराचे आहेत. गरज वाटल्यास घरच्या गुरवांना किंवा महाराजांना एकदाच विचारून मर्यादा ठरवून घ्यावी, आणि नंतर पुन्हा विचारायला जाऊ नये.

घरच्यांनी काय करावे?

‘बंद केलंस की गॅस, मी बघितलंय’ हे उत्तर प्रेमाने दिलेले असते, पण ते आगीत तेल असते. एकाएकी उत्तरे बंद करणेही क्रूरपणाचे होईल. रुग्ण, घरचे आणि थेरपिस्ट यांनी मिळून ठरवावे की या आठवड्यापासून हा प्रश्न एकदाच आणि पुढच्या आठवड्यापासून उत्तर एवढेच : ‘तुला त्रास होतोय ते दिसतंय, पण याचं उत्तर मी देणार नाही.’ ज्या गल्लीत नळाला रोज पाणी येत नाही, तेथे घागरी रिकाम्या करणाऱ्या सुनेवर घर चिडते, हे मी समजू शकतो. पण चिडचिडीने धुणे वाढते. टोमणे तर पूर्ण बंद करावेत.

मी स्वतःला माफ कसे करू?

येथे दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते, आणि ती सोडवल्याखेरीज पुढे जाता येत नाही.

एक दोष संशयातला असतो : धडक दिली असेल, बोलताना कोणाला दुखावले असेल, विचारात पाप झाले असेल. येथे माणूस म्हणतो, ‘आधी मी निर्दोष आहे हे ठरू दे, मग स्वतःला माफ करतो.’ ते कधीच ठरत नाही, कारण ओसीडीच्या न्यायालयात पुरावा कधी पुरत नाही. म्हणून क्रम उलटा करावा लागतो. निकाल न लागताच स्वतःशी माणुसकीने वागायला लागायचे. जेवायचे, झोपायचे, मुलांशी बोलायचे, आणि हे सगळे आरोपी असतानाच करायचे. मला सर्वांत अवघड हेच गेले, आणि सर्वांत जास्त सुटकाही यातूनच मिळाली.

दुसरा दोष खरा असतो. माझ्या मुलीच्या दहावीच्या परीक्षेच्या सकाळी तिला केंद्रावर सोडताना मी वाटेत दोनदा मागे वळलो, आणि ती दहा मिनिटे उशिरा, डोळे पुसत वर्गात गेली. हे आजारामुळे झाले, पण सोसले तिने. त्यानंतर मी तिची माफी मागितली. मग पुन्हा मागितली. मग जेवताना, झोपताना, फोनवर मागत राहिलो. एक दिवस ती म्हणाली, ‘बाबा, तुम्ही माफी मागता तेव्हा मला तो दिवस परत आठवतो.’ तेव्हा मला कळले की माझी माफी तिच्यासाठी नव्हतीच, ती माझी सक्तीची कृती होती आणि तिचा भार मी मुलीवर टाकत होतो. खऱ्या दोषाची माफी एकदा, स्पष्ट शब्दांत, सबबी न सांगता मागावी, शक्य असेल ती भरपाई करावी आणि मग तो विषय समोरच्या माणसाच्या स्वाधीन करावा. मी केलेली भरपाई म्हणजे उपचार सुरू केले, आणि तिच्या बारावीच्या प्रत्येक पेपरला वेळेच्या अर्धा तास आधी केंद्रावर पोहोचलो.

स्वतःविषयीच्या करुणेवर काम करणाऱ्या क्रिस्टिन नेफ यांनी तिचे तीन घटक सांगितले आहेत : स्वतःशी मायेने वागणे, आपली चूक ही मानवी चूक आहे हे ओळखणे, आणि दुःखाकडे न वाढवता, न लपवता पाहणे. यातला दुसरा घटक ओसीडीच्या माणसाला फार उपयोगी आहे, कारण ‘माझ्यासारखा नीच मीच’ हा त्याचा पक्का समज असतो.

‘मी स्वतःला माफ करतो’ असे मी दिवसातून पन्नास वेळा म्हणतो. हे बरोबर आहे का?

नाही, तो नवा जप झाला. वाक्य म्हटल्यावर मन हलके झाले पाहिजे अशी अट असेल, तर ते वाक्य सोडून द्यावे आणि मन जड असतानाच हातातले काम पुढे न्यावे.

बरे झाल्यावर आजार उलटला तर?

ताण, बाळंतपण, जागरण, घरातला मृत्यू अशा काळात तो डोके वर काढू शकतो, आणि त्यामुळे शिकलेले पुसले जात नाही. जुनी वही काढावी, शिडीच्या मधल्या पायरीपासून सराव सुरू करावा, दोन-तीन आठवड्यांत आवरले नाही तर थेरपिस्टना भेटावे. गेल्या वर्षी आईच्या आजारपणात, रात्री दवाखान्यातून परतताना, मी एकदा मागे वळलो. घरी येऊन वहीत तारीख घातली, पुढे ‘फेरी : १’ असे लिहिले, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी त्याच रस्त्याने घरी आलो.